सरपोतदारांची बाजू

"काय पण म्हणा ताई, त्या सरपोतदाराचं काय चुकलं?"

वहिनी भिंतीवर वाळत घातलेली मिरची उलटीपालटी करत होत्या आणि मी अलीकडे कढीपत्ता खुडत होते. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेइतकीच आहे. जुईनगरमध्ये सिडकोच्या रो-हाऊसांवर आता मजले चढलेत, भिंतींवर पत्रे आणि ग्रिलं आलीत, शेजाऱ्याचं तोंड दिसायचं तर व्हॉट्सअॅपवरच. आमची भिंत तेवढी वाचली, कारण तिच्यावर वहिनींची मिरची, माझ्या उशा आणि दोघींची कोपरं यांचा वर्षानुवर्षांचा वहिवाटीचा हक्क आहे.

सरपोतदार म्हणजे 'अशी ही बनवाबनवी'तले घरमालक. आदल्या रात्री टीव्हीवर तो सिनेमा लागला होता. तो कधी लागलेला नसतो म्हणा! 1988 सालचा सिनेमा, पण आमच्या गल्लीतल्या सहावीतल्या पोरालाही धनंजय मानेचे संवाद पाठ आहेत. आणि या बाई विचारताहेत, सरपोतदारांचं काय चुकलं?

"आवो, एका माणसाला खोली दिली. त्यानं दोस्त आणून ठेवले. मालकानं काय त्यांची आरती ओवाळायची?"

मला कारण माहीत होतं. वहिनींनी वर एक खोली काढली आहे, तिच्यात नेरूळला कॉलेजात शिकणारी दोन मुलं राहतात. भाडं दोघांचं ठरलं, पण आंघोळीला सकाळी पाच जण असतात. साडेसातला टाकी कोरडी. परवा तर जिन्यात चपलांचे इतके जोड होते की वहिनींना वाटलं, वर कुणी गेलं की काय.

"त्या सुधीर जोशीचं तोंड बघून आधी मी किती हसायची," वहिनी म्हणाल्या. "आता वाटतं, बिचारा लाइटबिल भरत आसंल."

हसायची तर मीही. तो सिनेमा आला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं, चेंबूरला भाड्याच्या खोलीत राहायचो आणि घरमालकीण नळाखाली किती बादल्या लागल्या ते मोजायची. थिएटरात आम्ही सगळे धनंजय माने होतो. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाने साडी नेसली काय आणि थाप मारली काय, त्याला सगळं माफ. पुढे 1992मध्ये लोकल वाशीपर्यंत आली, तेव्हा खाडी ओलांडायची हिंमत करून आम्ही इकडे घर घेतलं. घराच्या कागदावर सही केली आणि त्या दिवसापासून मी हळूहळू सरपोतदार होत गेले. नळ कुणी उघडा टाकला की अजून माझी मान आपोआप वळते.

"गंमत सांगू का वहिनी? त्या सिनेमात खोली शोधत हिंडणारे अशोक सराफ तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते."

"आँ? एक्केचाळीस? मग स्वतःची खोली घ्यायला काय झालं होतं!"

वहिनींशी बोलण्यात हा फायदा आहे. समीक्षकांना न सुचलेली हरकत त्या मिरचीचं देठ खुडता खुडता काढतात.

वहिनी पाटणकडच्या. त्यांचे मालक माथाडी कामगार. बाजार मशीद बंदरात होता तेव्हा तिथे पाठीवर पोती वाहिली, मग बाजार वाशीला आला तसं बिऱ्हाडही खाडीच्या अलीकडे आलं. वहिनींचा सिनेमाशी संबंध जत्रेतल्या तंबूपासूनचा. बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, खाली माती, आणि रीळ बदलेपर्यंत शेंगा. 'सोंगाड्या' त्यांनी तंबूत पाहिला आणि त्यांच्या मालकांनी, लग्नाआधी, दादरच्या कोहिनूरला. 1971चा सिनेमा. लग्न झाल्यावर दोघांच्या बोलण्यात पहिला एकमेकांना पटलेला विषय तोच निघाला, असं त्या सांगतात. दादा कोंडक्यांनी किती संसार सांधले असतील याची नोंद कुठेच नाही.

"तवा मला तो नाम्या लई आवडायचा," वहिनी म्हणाल्या. "आन् त्याची आये म्हंजे कजाग. आता बघितलं तर वाटलं, रत्नमाला काय वाईट सांगत हुती? एकुलतं एक पोरगं, त्यात साधंभोळं, तमाशाच्या नादानं घर सोडून चाललंय. माझ्या थोरल्यानं असं केलं असतं तर मी तर लाटणंच घेतलं असतं."

मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तर फार मोठी गोष्ट बोललात. सिनेमा तोच, पुस्तक तेच, जागचं हलत नाही. आपणच वय वाढेल तसे एका पात्राकडून उठून दुसऱ्याकडे जाऊन बसतो. आधी पोराकडे, मग आईकडे, मग घरमालकाकडे. मला माझा हा विचार इतका आवडला की मी लगेच पुढचा दाखला दिला: 'कुंकू'.

हा मी शाळेत असताना दूरदर्शनवर पाहिला होता. तेव्हा शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा लागायचा आणि चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्याकडे सगळा मजला. प्रभातचा 1937 सालचा सिनेमा, शांतारामबापूंचा, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली शांता आपट्यांची नीरा, आणि ते काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. काकासाहेबांचा मला इतका राग आला होता की त्यांच्यासारख्या मिशांचे आमचे एक मास्तर होते, त्यांच्याशी मी काही दिवस धड बोलले नाही. परवा मोबाईलवर पुन्हा पाहिला. त्या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, घरात होणारे आवाज तेवढे ऐकू येतात. भिंतीवरचं जुनं घड्याळ टिकटिकत राहतं आणि ते ऐकत बसलेले काकासाहेब. यावेळी मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसले होते. वय झालेल्या माणसाला आपलं वय झालंय हे कळण्याची घटका इतक्या कमी सामानात दाखवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि दाते तेव्हा पन्नाशीच्या आसपासचे! म्हणजे माझ्यापेक्षा बरेच लहान.

मला वाटलं, वहिनी मान डोलावतील. त्यांनी मिरचीवरचा हात काढला.

"न्हाई ताई. हे मला न्हाई पटत. माझी धाकटी मावशी दुजवराला दिली हुती. ती पंधराची, तो चाळिशीचा. त्याला घड्याळ ऐकून वाईट वाटत आसंल तर वाटू दे. तिला काय वाटत हुतं ते इचारलं का कुणी? मी म्हातारी झाले म्हणून मी काय त्या म्हाताऱ्याकडं जाऊन बसायची न्हाई."

मी कढीपत्त्याच्या काड्यांकडे बघत राहिले. माझ्या सुरेख विचाराला त्यांनी भोक पाडलं होतं, आणि भोक बरोबर जागी होतं. शांतारामबापूंनाही काकासाहेबांबद्दल कणव आहे, पण सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत नीरेचाच आहे. मी मात्र स्वतःचे गुडघे दुखायला लागल्यावर पक्ष बदलून मोकळी.

विषय बदलावा म्हणून मी 'नटसम्राट' काढला. तोही आम्ही दोघींनी मिळून वाशीला पाहिला होता, वहिनींच्या दोन्ही सुना बरोबर होत्या. मध्यंतरात दोन्ही सुनांनी सासूला न विचारता समोसे आणून दिले, इतका त्या सिनेमाचा परिणाम होता. 1 जानेवारी 2016ला तो लागला आणि त्याच दिवशी नाना पाटेकरांना पासष्ट पूर्ण झाली. म्हणजे म्हातारपण त्यांच्या घरचं होतं. नाटक 1970 सालचं. डॉ. लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे, अप्पा बेलवलकरांचं वय त्यांनी उसनंच घेतलेलं. माझ्या वडिलांनी तो प्रयोग पाहिला होता. रात्री आले ते न जेवता झोपले, आणि सकाळी आईला म्हणाले, आपण मुलांशी नीट वागलं पाहिजे. तेही चाळिशीतलेच होते. पंचविशीत मी ते नाटक वाचलं तेव्हा मला हे फार अतिशयोक्त वाटलं होतं, एवढी वाईट मुलं असतात का कुठे. आता वाटतं, मुलं काही तशी वाईट नाहीत. त्यांच्या घरात जागा कमी आहे आणि म्हाताऱ्याचा आवाज मोठा आहे.

"ते समदं खरं," वहिनी म्हणाल्या, "पर त्यानं हयातीत वाटणी केली तितंच घोटाळा झाला. मी आमच्या ह्यांना तवाच सांगितलं, घर नावावर करून द्यायचं न्हाई. आपल्या मागं जे काय कागद करायचे ते करत बसतील सिडकोत."

शिरवाडकरांची अख्खी शोकांतिका वहिनींनी ट्रान्सफरच्या फायलीत बसवली. एवढं कमी होतं म्हणून त्यांनी आवाज खाली आणला आणि भिंतीवरून पुढे वाकल्या. म्हणजे आता खरी बातमी.

"चिंचोली तलावाच्या बाकावरचे दोघं बघितले का?"

बघितले होते. गल्लीत कुणी बघायचं राहिलंय? ते दोन वर्षांपूर्वी विधुर झालेले, त्या त्याच्या आधीपासून एकट्या. विरंगुळा केंद्रात ओळख झाली म्हणे. सकाळी तलावाला दोन फेऱ्या, मग एका डब्यातले पोहे. त्यांची सून सगळीकडे सांगत फिरते की बाबांना आता घरचे पोहे आवडत नाहीत.

मी बिपिन नाडकर्णींच्या 'उत्तरायण'ची गोष्ट सांगितली. जयवंत दळवींच्या 'दुर्गी' नाटकावरचा तो सिनेमा, शिवाजी साटम आणि नीना कुलकर्णी. उतारवयात पुन्हा भेटलेली दोघं, एकमेकांच्या आधाराने राहू बघणारी. वीसेक वर्षांपूर्वी पाहिला तेव्हा तो मला गोड वाटला होता, पण 'त्यांच्या मुलांना किती अवघड' हा विचार डोक्यातून जात नव्हता. तेव्हा माझ्या सासूबाई घरात होत्या, त्यांचं पथ्य, त्यांची औषधं. मी मुलांच्या बाकावर होते. आता माझी मुलगी बंगळूरला आणि रात्री नऊला तिचा फोन येतो, बीपीची गोळी घेतली का म्हणून. तिच्या आवाजात मला माझाच तेव्हाचा आवाज ऐकू येतो आणि अंगावर काटा येतो.

"बसू दे की बाकावर," वहिनी म्हणाल्या. मला वाटलं होतं, नावं ठेवतील. "पोहेच खातात नव्हं? फक्त तिनं त्याचे कपडे धुवायला घेऊ नये. एकदा धुवायला घेतले की झाली बायको."

मग त्यांनी विचारलं, मी दुपारी काय वाचत असते. मोतीबिंदू काढल्यापासून मी माळ्यावरची पुस्तकं परत खाली आणली आहेत. डॉक्टर म्हणाले, रंग उजळ दिसतील. रंगांचं माहीत नाही, पण जुन्या पुस्तकांचा कागद किती पिवळा पडलाय ते मात्र लख्ख दिसलं. सध्या 'कोसला' चाललीय. 1963 साली आलेली, नेमाडे तेव्हा पंचविशीतले, आणि मी ती वाचली एकोणिसाव्या वर्षी. तेव्हा पांडुरंग सांगवीकर म्हणजे आमच्या मनातलं बोलणारा माणूस. घर, कॉलेज, वडील, सगळ्यांना फाट्यावर मारणारा. वडील म्हणजे पैशाचं बोलणारा खडूस माणूस.

"गोष्ट काय?" वहिनी.

"गोष्ट अशी की खानदेशातल्या खेड्यातला पोरगा पुण्याला शिकायला जातो, वडिलांचे दहा-बारा हजार उडवतो आणि परत येतो."

"कवाची गोष्ट म्हणालात? साठ सालाच्या आसपासची? आवो, त्यात आमच्याकडं रान आलं असतं! आन् त्याचा बाप गप बसला?"

"गप नाही बसला, बोलला."

"मग बरोबर केलं."

मी त्यांना हेही सांगितलं की एकोणिसाव्या वर्षी मी हॉस्टेलची पानं हसून हसून वाचली होती आणि मनीची पानं भराभर उलटली होती. मनी त्याची धाकटी बहीण. देवी येऊन जाते. यावेळी हॉस्टेलची पानं मी चाळली आणि मनीपाशी आल्यावर पुस्तक मिटून ठेवलं. पुढे वाचायचं तर धीर करावा लागणार होता, आणि घरात कुणी नव्हतं.

वहिनींनी पदर सरकवून डावा दंड पुढे केला. देवी काढल्याची खूण, रुपयाएवढी. माझ्याही दंडावर आहे, भाऊबहिणींच्याही. 1977 साली देश देवीमुक्त जाहीर झाला, आणि मग ती टोचायची सुई हळूहळू बंदच झाली. माझ्या मुलीच्या दंडावर ती खूण नाही. तिला 'कोसला' दिली तर ती मनीची पानं कशी वाचेल? समजून घेईलच, पण मला जसा घोर लागला, तसा तिला लागायचा नाही.

"आमच्या वाडीतली दोन गेली हुती देवीनं," वहिनी म्हणाल्या आणि पदर सारखा केला. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी मिरचीचं ताट उचलून कमरेवर टेकवलं.

"मग पुढं काय झालं त्या पांडुरंगाचं?"

"गावी परत गेला."

"ते सांगितलंत. बापाचे पैसे फेडले का?"

"वहिनी, ते काही पुस्तकात नाही."

"मग अर्धंच लिवलंय की," त्या म्हणाल्या आणि वरच्या पोरांना मोटर बंद करायला ओरडत आत गेल्या.