चौरस फूट कळले, आता आयर्विनचे फूट सांगा

प्रति,
समस्त घरमालक, सांगली
(ज्यांच्या घरात पुराचं पाणी कधीच आलेलं नाही, असे सर्व)

विषय : तळमजल्यावरचं घर भाड्याने मिळणेबाबत.
संदर्भ : 2005, 2019 आणि 2021 चे महापूर.



माझी नाशिकहून सांगलीला बदली झाली. बँकेच्या ऑर्डरमध्ये 'तात्काळ रुजू व्हावे' एवढंच लिहिलेलं असतं, राहावे कुठे ते लिहीत नाहीत. ऑर्डर हातात पडली 2021 च्या पावसाळ्याच्या शेवटी, म्हणजे कृष्णामाई तुमच्या शहरातून नुकतीच माघारी गेली होती तेव्हा. घरचे धास्तावले. सासूबाईंनी तर रजा टाकायला सांगितलं. पण इथे येऊन लॉजवर उतरल्यापासून दर रविवारी एजंटच्या स्कूटरवर मागे बसून मी अर्धं शहर पालथं घातलं, आणि घरी कळवून टाकलं की चिंता नसावी, सांगलीत पूर येतच नाही. ज्या ज्या मालकांची घरं पाहिली त्या प्रत्येकाने मला तसा शब्द दिलेला आहे.

"आमच्यात पाणी येत नाही बघा मॅडम. पलीकडच्या गल्लीत येतं." हे शामरावनगरात ऐकलं. पलीकडच्या गल्लीत गेले, तर तिथे ते अलीकडच्या गल्लीत येत होतं. गावभागातल्या मालकांच्या मते ते मारुती चौकातच थांबतं, आणि मारुती चौकाच्या मागे विचारलं तर ते थेट स्टँडकडे निघून जातं. आता मला प्रश्न असा पडला आहे की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी गेलं 57 फुटांवर. हे वरचं बारा फूट पाणी कोणाकडे मुक्कामाला होतं? कुणीतरी त्याला ठेवून घेतलं असणारच. त्या सद्गृहस्थांचा पत्ता मिळाला तर मी त्यांच्याकडेच राहीन म्हणते. निदान खरं बोलणारा मालक मिळेल.

'पाणी आलं नाही' याचे इथे किती प्रकार असतात, हे मी आता शिकले आहे. पाणी आलं नाही, फक्त पायरीला लागलं. आलं, पण ते नदीचं नव्हे, ड्रेनेजमधून उलटं आलेलं. घरात शिरलं, पण देवघरापर्यंत गेलं नाही. कर्नाळ रोडच्या एका आजींनी मात्र कमाल केली. "आलं हुतं गं, पर थांबलं न्हाई," म्हणाल्या. शासनाला हे कळवायला हवं, कारण 2019 साली शासनाने गहू-तांदूळ द्यायचे ठरवले तेव्हा पाणी दोन दिवसांहून जास्त थांबावं लागेल अशी अट घातली होती. आजींकडचं पाणी अपात्र ठरलं असतं.

एक घर मला फार आवडलं होतं. हवेशीर, पुढे जास्वंद, बाजार जवळ. जाहिरातीत 'पाणी 24 तास' असं लिहिलेलं होतं, आणि आपण त्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. हॉलचा रंग कोरा करकरीत होता, पण तो फक्त माझ्या डोक्याच्या वर वीतभर उंचीपर्यंत. त्यावर जुनाच रंग. दोन्हींमधली रेघ इतकी सरळ की रंगाऱ्याने पाणसळ लावली असावी असं वाटलं. "फॅशन आहे, टू-टोन म्हणतात," एजंट म्हणाला. स्विचबोर्ड सगळे छातीच्या वर नेलेले. बेडरूमचं दार फुगून चौकटीत अडकलेलं. खिडकीची काच सरकवली तर खालच्या खाचेत बारीक काळा गाळ बसलेला, बोटाला लागला. भिंतीतल्या कपाटाचं प्लायवूड भिजलेल्या वहीसारखं पानापानांनी सुटलं होतं. मी वास घ्यायला मास्क खाली ओढू लागले, तर एजंट घाईने म्हणाला, "नको नको मॅडम, कोरोना अजून गेला नाही." माझ्या आरोग्याची इतकी काळजी कोणी घेतली नव्हती.

मालक मात्र सज्जन. शाळेतून निवृत्त झालेले सर, दोन्ही गुडघे गेलेले. ते काठी टेकत टेकत, कठड्याला धरून, जिना चढून वर राहतात आणि तळमजला भाड्याने देतात. सांगलीत मला अशी किती तरी वयस्कर जोडपी भेटली. सगळ्यांचे गुडघे दुखतात आणि सगळी वरच्या मजल्यावर राहायला गेली आहेत. कधी गेलात, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर येतं, झाली की दोन वर्षं. वर वारा चांगला लागतो म्हणे.

"2019 चा पूर शंभर वर्षांतून एकदाचा होता, आता तुमच्या नातवंडांनी बघायचा," हेही सरांनीच मला समजावलं. सर गणिताचे होते की नाही ते विचारायचं राहिलं. आयर्विनला 2005 साली 53 फुटांच्या वर, 2019 साली 57, आणि लगेच 2021 च्या जुलैत पुन्हा 55 च्या घरात. शंभर वर्षांतला एकदाचा पूर मोजायचा म्हणूनच पाटबंधारे खात्याच्या नकाशावर लाल रेषा असते, आणि तिच्या आत, नदीकडे, निळी रेषा असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामच करायचं नाही, निळ्या-लालच्या मधे अटी पाळून करायचं, असा नियम आहे. नकाशावर त्या रेषा मी बघितल्या. शहरात शोधायला गेले तर त्यांच्यावर रो-हाऊस उभी होती. काही प्लॉट गुंठेवारीच्या 2001 च्या कायद्याने नियमित करून घेतलेले. पाण्याला मात्र तो कायदा कुणी वाचून दाखवलेला दिसत नाही.

मग विश्रामबागेत बघा, असा सल्ला मिळतो. बघितलं. विश्रामबागेत पाणी येत नाही हे निर्विवाद. तिथे भाडं येतं, आणि दर पुरानंतर त्याची पातळी वाढते. ती अजून धोक्याच्या खाली आलेली नाही.

तुम्ही मला विचारलेले प्रश्न मात्र सगळे रास्त होते. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, मांसाहार करता का, नवरा नाशिकलाच राहणार तर येणार-जाणार कोण, मुलगा खिळे ठोकतो का. आधार दिलं, पॅन दिलं, पोलिसांकडचा फॉर्म भरला. अकरा महिन्यांच्या करारात भिंतीला खिळा मारल्यास डिपॉझिटमधून कापले जातील, असंही कलम आहे. त्यावर मी एकच गोष्ट विचारली, की या भिंतीला नदीने काय काय केलं आहे ते लिहून द्याल का? तेव्हा आपण विषय बदलून भडंग पुढे केलंत. भडंग उत्तम होतं.

आता थोडं खासगीतलं. मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसते हे आपण विसरता. तिथे पूरग्रस्तांच्या कर्जाच्या फायली येतात, सोबत पंचनाम्याच्या प्रती असतात. नावं सांगणार नाही, नोकरी जाईल. पण ज्या ज्या गल्लीत रविवारी पाणी पायरीला लागलेलं असतं, तिथेच सोमवारी माझ्या टेबलावर ते माळ्यापर्यंत चढलेलं असतं. फ्रिज तरंगला, धान्य सडलं, दुकानातला माल गेला. हे सारं खरंच असतं. मी फोटो बघते आणि वाईटही वाटतं, कारण 2019 साली शहरी कुटुंबाला मिळालेल्या 15 हजारांच्या सानुग्रह अनुदानात सोफासुद्धा येत नाही. ज्याचं घर बुडलं त्याने पुढच्या माणसाला ते लपवून का द्यावं, हे मला कळतं. भाडं हेच पेन्शन असेल तर कोण सांगेल? पण पाणी पुन्हा येईल तेव्हा वर तुम्ही असाल, आणि खाली मी.

आमच्या नाशिकला गोदावरीत दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कमरेला लागलं की बाजारपेठेतले दुकानदार माल उचलायला लागतात, छातीला लागलं की बघायलाच नको. त्याला कोणी कधी रंग देऊन पाणी झाकलेलं नाही. तुमच्याकडे तर आयर्विनवर फुटाफुटाच्या खुणा आहेत. पावसाळ्यात सगळी सांगली एकमेकांना "आयर्विनला किती?" हेच विचारत असते. चाळीसच्या आसपास गेलं की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर ही नावं बातमीत येतात, हे चहावाल्यालाही तोंडपाठ आहे. मग माझ्या होणाऱ्या घराचा आकडा एवढा गुप्त का? कार्पेट किती, बिल्टअप किती, बाल्कनी धरून किती, हे सगळे चौरस फूट आपण न विचारता सांगता. आयर्विनला किती फूट झाले की माझ्या उंबऱ्याला पाणी लागेल, तेवढा एक आकडा हवा आहे.

करारात तीनच ओळी घाला : 2005 ला किती, 2019 ला किती, 2021 ला किती. दाराच्या चौकटीवर त्या उंचीच्या तीन रेघा मारा, ऑइलपेंटने, पुसता येणार नाहीत अशा. भाडं त्या हिशेबाने थोडं कमी करा. चाळीसची बातमी आली की वरून एक हाक मारा, आणि फ्रिज जिन्यावर चढवायला तुमचा मुलगा द्या.

वरच्या मजल्याचं भाडं मला परवडत नाही. त्यामुळे मी तळमजलाच घेणार आहे, हे आपल्या माहितीसाठी. तीन रेघा मारून देणाऱ्याला डिपॉझिटचा चेक त्याच दिवशी मिळेल. वटेल, याची हमी मी स्वतः देते.

आपली,
एक होऊ घातलेली भाडेकरू
मुक्काम सध्या लॉज, दुसरा मजला