भिंतीतली छोटी लाईन

बालाघाटात एखादी गोष्ट हळू चालते अशी तक्रार केली, की ऐकणारा कोणती ते नीट ऐकूनही घेत नाही, थेट इलाज सांगतो. गाडी हळू चालते? फिल्टर बदला. पोट हळू चालतं? ओवा खा. काम हळू चालतं? भोपाळला कोणी ओळखीचं आहे का? त्यामुळे आमच्या गल्लीतल्या काकाजींनी ओट्यावर उभं राहून ‘आमचा सर्वर लय हळू चालून राहिला’ असं जाहीर केलं, तेव्हा सर्वर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या तिघांनी चपला घातल्या आणि मदतीला निघाले. मी चौथा.

सर्वर म्हणजे दोन हार्डडिस्का पोटात घेतलेला एक काळा डबा. शिकलेले लोक त्याला नॅस म्हणतात. तो घरच्या नेटवर्कला जोडलेला असतो आणि घरातल्या सगळ्यांच्या फाइली सांभाळतो. काकाजींच्या पुण्याच्या मुलानं तो दिवाळीत पाठवला, कारण ताईच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून पाचशे जीबी झाले होते आणि फोटोग्राफरनं ‘साल भर के बाद हमारी जिम्मेदारी नहीं’ असं बजावलं होतं. पाचशे जीबीमधले निम्मे फोटो जेवणाऱ्यांचे आहेत आणि त्यातले निम्मे ओळखीचे नाहीत, पण तो वेगळा विषय.

खाली बैठकीत कॉम्प्युटर आणि राऊटर, वर इन्व्हर्टरशेजारी डबा, मधे भिंतीतून गेलेली केबल. कॉपी सुरू केली की पडद्यावर आकडा यायचा ११.२ एमबी प्रति सेकंद. या हिशेबानं पाचशे जीबीला साडेबारा तासांच्या आसपास लागतात, आणि सलग साडेबारा तास लाईट राहील अशी हमी आमच्याकडे देवही देत नाही.

निदान सुरू झालं. पहिला फोन इंटरनेटवाल्यांच्या हेल्पलाइनला. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हापासून आमच्या घरात दुखणं मराठीत होतं आणि तक्रार हिंदीत नोंदवली जाते. पलीकडच्या मुलीनं नम्रपणे राऊटर बंद करून चालू करायला सांगितलं. काकाजींनी केला. मग तिनं स्पीड टेस्ट घ्यायला लावली. शंभरच्या प्लॅनला चौऱ्याण्णव! सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. खालून वरच्या खोलीत जाणाऱ्या फोटोंना इंटरनेटशी काही देणंघेणं नाही, ते घराबाहेर पाऊलही टाकत नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात चहा आला.

पुण्याहून चिरंजीवांचं निदान येत राहिलं. पप्पा, फर्मवेअर अपडेट करा. पप्पा, अँटिव्हायरस बंद करा. शेवटी त्यानं तिथूनच डब्यात शिरून जंबो फ्रेम नावाची सेटिंग चालू केली. तिनं माहितीचे गठ्ठे मोठे होतात, पण ते मोठे गठ्ठे वाटेतल्या प्रत्येक यंत्रानं स्वीकारावे लागतात. इथं कोणी स्वीकारले नाहीत आणि डबा नेटवर्कवरून दिसेनासाच झाला. मग काकू वर जाऊन त्याचं बटण दाबून आल्या. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं एसएसडी टाका म्हटलं, म्हणजे त्याच्या दुकानात जे पडून होतं ते. वास्तू जाणणाऱ्या साळभाऊंनी घराची वास्तू पाहिली. डबा नैऋत्येला आहे म्हणे, जड वस्तूला ती दिशा उत्तम, पण पळणाऱ्या वस्तूला नाही.

खरं तर आकड्यानं पहिल्याच दिवशी कबुली दिली होती. तो ११.२ वर बसला तो हलेचना. हार्डडिस्क दमली असती तर आकडा वरखाली झाला असता. आधी शंभर, मग पंचवीस, मधेच शून्य. हजारो बारक्या फाइलींचा ताप असता तर फोटोंना रडला असता आणि व्हिडिओला पळाला असता. वायफायचा दोष असता तर कोणी लोखंडी कपाटाआड गेलं तरी बदलला असता. दगडासारखा स्थिर अकरा म्हणजे एकच गोष्ट: वाटेत कुठंतरी फास्ट इथरनेट आहे. त्याचा वेग सेकंदाला शंभर मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून साडेबारा एमबी. वाटेतली हमाली वजा जाता अकरा-साडेअकरा. हे मानक १९९५ चं. तांब्याच्या साध्या केबलवर गिगाबिट चालवण्याचं मानक १९९९ ला आलं, त्यात सेकंदाला एकशे दहा एमबीच्या वर सहज मिळतात. डबा गिगाबिट, राऊटर गिगाबिट, कॉम्प्युटर गिगाबिट. पण घरात कुठंतरी अजून १९९५ साल चालू होतं.

हे समजायला बालाघाटच्या माणसाला इंजिनिअर व्हावं लागू नये. बंगाल नागपूर रेल्वेनं गेल्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले, आणि शंभरेक वर्षं आपण छोट्या लाईनच्या तालावर डुलत गेलो. मग गोंदियापासून बालाघाटपर्यंत मोठी लाईन झाली आणि पुढची छोटीच राहिली, पार २०१५ पर्यंत. त्या दिवसांत इथं उतरून ट्रंका, पोती आणि आजी असं सगळं उचलून दुसऱ्या फलाटावर धावलेला माणूस अजून जिवंत आहे. तेव्हा आपण इंजिनाला दोष दिला नाही. प्रवासाचा वेळ सर्वांत अरुंद रूळ ठरवतो, हे हमालालाही माहीत होतं. तीच गोष्ट भिंतीत घडली की आपण वास्तुतज्ज्ञ बोलावतो.

शेवटी पॉलिटेक्निकला शिकणारा भाचा आला. त्याला कोणी विचारलं नव्हतं, कारण तो चष्मा लावत नाही आणि पुण्याला राहत नाही. त्यानं लॅपटॉप उचलला, वर नेला, हातभर केबलनं थेट डब्याला जोडला. आकडा एकशे बारा. डबा निर्दोष सुटला, डिस्का सुटल्या, चिरंजीवांचं फर्मवेअरही सुटलं. उरली भिंत. खाली येऊन त्यानं केबलच्या टोकावरचं प्लास्टिकचं कनेक्टर उजेडात धरलं. आत आठ तारा हव्यात, चार जोड्यांच्या. होत्या चारच: नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. दोनच दिसल्या की यंत्रं आपसांत समजून घेतात आणि मुकाट्यानं शंभरवर उतरतात. तक्रार करत नाहीत, लाल दिवा लावत नाहीत. आमच्या घरांतल्या सुनांनाही एवढं समजून घेणं जमत नाही, असं काकू म्हणाल्या, आणि सून शेजारीच उभी होती.

‘मामाजी, निळी आणि चॉकलेटी जोडी कुठं गेली?’ भाच्यानं विचारलं.

ती गेली होती गेटवरच्या कॅमेऱ्याला. लग्नाच्या आधी सीसीटीव्ही बसवणाऱ्यानं नवी तार ओढायचा त्रास वाचवला होता. चार तारा नेटवर्कला, चार कॅमेऱ्याच्या करंटला, आणि बिल दोन्ही केबलींचं.

भाच्यानं गंमत म्हणून एका तारेवर ब्लेड फिरवलं. वरचा तांबूस मुलामा निघाला आणि आत पांढरी ॲल्युमिनियमची तार चकाकली. अशा तारेला विजेचा प्रतिरोध तांब्याहून जास्त, ती तापते लवकर आणि दोनदा वाकवली की तुटते. केबलच्या कुठल्याच मानकात ती बसत नाही. दुकानात मात्र ती ‘प्युअर कॉपर’ म्हणून बसते. काकाजींना राग आला तो इथं. या जिल्ह्यात मलाजखंड आहे! हिंदुस्तान कॉपरची खाण, १९८२ पासून डोंगर पोखरून तांबं निघतंय, भरवेलीचं मँगनीज वेगळंच. आमचं तांबं भुकटी होऊन जिल्ह्याबाहेर जातं, आणि बालाघाटच्या भिंतीत शिरतं ते ॲल्युमिनियम, तांब्याचा पावडर-मेकअप करून. काकाजी तडक दुकानात गेले. दुकानदारानं तार हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, ‘काकाजी, कॉपर तो है ना. ऊपर से.’

आता उपाय सोपा होता. खऱ्या तांब्याची कॅट-सिक्स केबल, वीस-बावीस मीटर, भिंतीवरून पट्टी मारून. खर्च डब्याच्या किमतीपुढे किरकोळ. भाच्यानं कागदावर आकृतीही काढून दिली. पण भिंतीला लग्नात रॉयल पेंट लागलाय, तिच्यावर पट्टी मारायची नाही, असं काकूंचं म्हणणं. मग निळी-चॉकलेटी जोडी कॅमेऱ्याकडून परत घ्यायची? तर कॅमेरा बंद पडेल, आणि ओट्यावरच्या चपला कोण नेतो याचा तपास अर्धवट राहील. घरात बैठक झाली. चिरंजीव व्हिडिओ कॉलवर हजर होते. भाच्याला क्लास होता.

ठरलं असं की इंटरनेटचा प्लॅन शंभरवरून तीनशेचा करायचा. काकाजींनी त्याच संध्याकाळी पैसे भरले, रीतसर पावती मिळाली, हेल्पलाइनच्या मुलीनं अभिनंदनही केलं. स्पीड टेस्ट आता दोनशे नव्वद दाखवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली जाते. ताईच्या लग्नाचे फोटो जेवणावळीच्या दुसऱ्या पंगतीपर्यंत चढलेत. आणि गेटपाशी रोज सकाळी पेपर खाणारी गाय पुण्याच्या मुलाला पूर्वीपेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसते.