डी ड्राइव्हवरचं दादलापूर

पायथन या संगणकभाषेला कल्याणच्या पुढचं वावडं असावं. मी बदलापुरात बसून लहान कारखानदारांचे हिशेब लिहितो. डी ड्राइव्हवर तीन फोल्डर: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. नावं इंग्रजीत, छोट्या अक्षरांत. बिलं एकत्र करायला डोंबिवलीच्या भाच्याने प्रोग्राम लिहिला आणि पत्ते दिले विंडोजच्या रिवाजाने: डी, कोलन, बॅकस्लॅश, गाव.

बॅकस्लॅश दिसला की पायथन पुढचं अक्षर सरळ वाचतच नाही. उल्हासनगरला तर गाडी सुटलीच नाही. बॅकस्लॅशनंतर छोटा यू आला की त्याला युनिकोडचा चार आकडी क्रमांक लागतो. ०९०९ दिला असता तर देवनागरी 'उ' निघाला असता, उल्हासनगरचाच! मिळाला एल. यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असं ज्या गावाबद्दल सांगतात, तिथे अक्षरांचे छुपे अर्थ काढायला जाऊ नये, हे पायथनला कोण सांगणार?

भाच्याने उल्हासनगरचा थांबा रद्द केला. अंबरनाथला पहिला ए गायब झाला आणि संगणकातून घंटा वाजली. बॅकस्लॅश-ए म्हणजे घंटाच. १०६० सालचं शिवमंदिर असलेल्या गावाला हे शोभूनच दिसलं. बदलापूरला बॅकस्लॅश-बी, म्हणजे एक घर मागे. कर्सर मागे सरकला, कोलनवर ए बसला आणि पडद्यावर आलं 'दादलापूर'.

"अगदी बरोबर आहे," ही म्हणाली. "दादला आणि एक घर मागे."

मग आम्ही सगळी लाइनच तपासली. ठाण्याला बॅकस्लॅश-टी: ऐसपैस मोकळी जागा, जी ठाण्याला प्रत्यक्षात कुणी पाहिलेली नाही. नेरळला बॅकस्लॅश-एन: नवी लाइन. हे मात्र खरं, माथेरानची छोटी लाइन १९०७ पासून तिथूनच सुटते.

दोष अमेरिकेतल्या जुन्या गर्दीचा. सी भाषेने बॅकस्लॅशला खुणेच्या कामावर ठेवलं आणि पायथनने तीच रीत उचलली. तिकडे १९८३ साली डॉसमध्ये फोल्डर आले, तेव्हा साध्या स्लॅशच्या जागेवर आधीच्या आज्ञांनी रुमाल टाकलेला होता. म्हणून उलटा स्लॅश घेतला आणि घंटा अंबरनाथला वाजली.

उपाय एका अक्षराचा. अवतरणचिन्हाआधी आर लावायचा: लिहिलंय तेवढंच वाच, अक्कल चालवू नकोस. याला रॉ स्ट्रिंग म्हणतात. घरात लावता येत नाही, मी विचारून पाहिलं. आणि तिचीही एक खोड आहे: शेवटी एकटा बॅकस्लॅश सोडला की तो मिटणारं अवतरणचिन्हच पोटात घेतो आणि वाक्य मिटतच नाही.

"आमच्या डोंबिवलीला काही होत नाही बघा, मामा," भाचा म्हणाला. खरंच, बॅकस्लॅश-डीला पायथनकडे अर्थच नाही; तो जसाच्या तसा राहतो. सांस्कृतिक नगरी ती! मी फक्त एवढंच सांगितलं, की ३.१२ आवृत्तीपासून अशा निरर्थक खुणांना पायथन उघड इशारा देतो आणि पुढेमागे त्या चूक ठरवणार आहे.

भाच्याने मुकाट्याने डोंबिवलीलाही आर लावला.