गुरुत्वमध्याची साधना

रस्त्याचे धक्के पोटात घालणाऱ्या स्प्रिंगा आणि त्या स्प्रिंगांची उसळी आवरणारे शॉक अॅब्सॉर्बर यांच्या जोडव्यवस्थेला सस्पेन्शन म्हणतात. मूळ स्प्रिंगा काढून आखूड व कडक स्प्रिंगा बसवल्या की गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली बसते, तिचा गुरुत्वमध्य खालावतो आणि वळणावर बाहेरच्या अंगाला कलण्याचे, म्हणजेच ‘बॉडी रोल’चे, प्रमाण घटते. पुण्यातील काही मोटारधारकांनी हे शास्त्र अंगीकारून शहरावर उपकारच केले आहेत, कारण सायंकाळच्या कोंडीत ताशी दहा किलोमीटर वेगाने वळताना गाडी उलटण्याचे भय त्यांच्यापुरते कायमचे मिटले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गल्लीतले गतिरोधक मात्र असली संकुचित बंधने मानत नसल्याने तेथे मागच्या सीटवरील आजींना भाजीच्या पिशवीसह उतरवून गाडी तिरकी काढावी लागते, आणि भार हलका झाल्यामुळे हाताळणी आणखी सुधारते, हा त्यातील आनुषंगिक लाभ होय. हाच तर्क पुढे नेल्यास गाडीने गतिरोधकावर पोट टेकून स्थिरावणे ही या साधनेची समाधी-अवस्था ठरते, कारण त्या क्षणी बॉडी रोल शून्यावर आलेला असतो. आजी चालत घरी पोचून चहाचे आधण ठेवतात, त्याच सुमारास टोइंगच्या ट्रकवर चढलेली ती गाडी चौकातले वळण तसूभरही न कलता घेते.