अण्णांच्या जीपचा फाळका

– काय भाऊजी, झोप लागली का काल? पलीकडे ग्राइंडर नऊ वाजेपर्यंत किंचाळत होता.

– अण्णांचाच ना, वहिनी? मला वाटलं, गेट करतायत.

– गेटच म्हणा! जीपचा फाळका काढला. आता म्हणे कपाटासारखं बाजूला उघडणारं दार हवं.

– काकूंचे गुडघे, दुसरं काय. फाळका साखळ्यांवर आडवा राहतो, मग चढणाऱ्यानं पाय ठेवायचा कुठे?

– कारण खरंच आहे हो. पण गावभर विचारायचं आणि करायचं मनचंच, ही अण्णांची जुनी खोड. माझ्या माहेरी गॅरेज, म्हणून मलाही विचारलं. मी म्हटलं, बिजागऱ्या उजवीकडे लावा. आपण रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावतो. दार उजवीकडे गेलं की माणूस कडेनंच चढतो. जिम्नीचं तसंच आहे, जपानातही डावीकडूनच चालतात ना! जुनी राव्ह-फोरही तशीच. ती अमेरिकेत गेली आणि तिथली माणसं कुरकुरली. त्यांचा फुटपाथ उजवीकडे, दार नेमकं मध्ये आडवं.

– मग अण्णांनी काय केलं?

– डावीकडे लावल्या! का, तर शेडमध्ये उजवीकडे भिंत येते. गाडी काय शेडमध्येच राहणार आहे?

– आणि स्टेपनी?

– तीच तर गंमत. अण्णाच आपल्याला ऐकवतात ना, लढाईतल्या विलीजला फाळका नव्हताच, मागच्या पत्र्यावर स्टेपनी आणि पेट्रोलचा कॅन असायचा. मग १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे-टू-ए निघाली, तिला फाळका आला आणि स्टेपनी कुशीला गेली. एवढं पाठ असलेला माणूस आता स्टेपनी नव्या दारावर टांगतोय! वीस-पंचवीस किलोचं चाक. फाळक्याचा भार खालच्या बिजागऱ्या आणि दोन साखळ्या मिळून घ्यायच्या. इथे सगळं ओझं एका कोपऱ्यातल्या पत्र्यावर, तोही आपल्या पावसानं आतून खाल्लेला. चार खड्डे गेले की दार लोंबणार, कडी बसायची नाही. मी म्हटलं, कोपऱ्यात आतून जाड पट्टी मारा आणि स्टेपनीला चासीवरून पाइपाचा वेगळा हात काढा. वेल्डिंगवालाही तेच म्हणाला. ऐकतंय कोण!

– पासिंगचं काय? पंधरा वर्षं उलटली की दर ५ वर्षांनी आरटीओची वारी असते.

– नंबरप्लेट चाकामागे झाकली तर तिथूनच परत पाठवतील. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं बजावलंय, कंपनीच्या मूळ बनावटीपासून वेगळे बदल चालणार नाहीत म्हणून. दार त्यात बसतं की नाही, हे आरटीओत आधी विचारायचं, का कापून झाल्यावर?

– मला आपलं फाळक्याचं वाईट वाटतं. कलमांत त्यावरच पेट्या भरायचो, त्यावरच बसून चहा. आहे कुठे तो?

– विहिरीपाशी टेकवून ठेवलाय. भंगारवाला डोकावून गेलासुद्धा. जुन्या जीपा उभ्या करणारे कंपनीचा पत्रा शोधत हिंडतात, म्हणून मी दादाला फोटो पाठवलाय. तुम्ही अण्णांपुढे किमतीचं काही काढू नका हां.