श्यामला मारायला नको होतं

गुडघेदुखी, पित्त आणि शुगर यांची साद्यंत हकिगत आपण बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसालाही सांगतो. पण रात्री झोप लागत नाही, घर खायला उठतं, हे सख्ख्या भावालाही सांगत नाही. त्याने विचारलंच तर 'मजेत!' म्हणून विषय मिटवतो. अशा माणसाला पुस्तकातल्या एखाद्या पात्राबद्दल विचारून बघा. तो तासभर बोलतो, त्यात निम्मं स्वतःचंच बोलतो, आणि याचा त्याला पत्ताही नसतो.

आमच्या वाचनालयात दर बुधवारी संध्याकाळी वाचनकट्टा भरतो. घरून वाचून यायचं नाही, हा मुख्य नियम. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि कुणाला काही बोलावंसं वाटलं की तिथेच थांबायचं. बोलण्याची सक्ती नाही. 'साहित्यमूल्य' हा शब्द उच्चारणाऱ्याने सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे, हा पोटनियम. एक निवृत्त प्राध्यापक येत होते तोवर चहाची ददात नव्हती.

गेल्या पावसाळ्यात 'श्यामची आई' घेतलं. पोहण्याचं प्रकरण आलं. पोहायला घाबरून श्याम लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, मार देते आणि विहिरीवर धाडते. "मारायला नको होतं बाई," एक काकू कळवळल्या. "म्हणून तर पोहायला शिकला!" पलीकडून कुणीतरी ठणकावलं. झालं, दोन तट पडले. तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका बोलले. हे गृहस्थ खिडकीजवळ बसून चहा पीत आणि निमूट घरी जात. म्हणाले, "आमचे वडीलही मारायचे. पण नंतर जवळ नाही घ्यायचे."

त्यावर कुणी सल्ला दिला नाही, ही आपल्या लोकांची कमालच म्हणायची. वाचणाऱ्या बाईंनी तोच परिच्छेद पुन्हा वाचला. त्या दिवसापासून काकांना बोलतं करावं लागत नाही, आवरावं लागतं. नटसम्राटापासून नातसुनेपर्यंत प्रत्येक विषयावर त्यांचं मत तयार असतं.

ही युक्ती आमच्या डोक्यातली नव्हे. इंग्लंडात लिव्हरपूलला जेन डेव्हिस यांनी 'द रीडर' ही संस्था उभी केली. वाचनालयं, दवाखाने, एवढंच काय, तुरुंगांतही तिचे गट असंच मोठ्याने वाचतात. लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी नैराश्याने ग्रासलेल्यांच्या अशा गटांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या लक्षणांमध्ये उतार दिसला. गट अगदी लहान होते, त्यामुळे ढोल बडवण्यात अर्थ नाही. पण कारण उमगण्यासारखं आहे. मोठ्याने वाचलं की घाई आपोआप जाते. परीक्षा नसते, त्यामुळे पास-नापास नसतं. आणि आपलं दुखणं श्यामच्या नावावर खपवता येतं!

चातुर्मासात दुपारी पोथी ऐकायला जमणाऱ्या बायकांना हे सांगायला लिव्हरपूलहून कुणी आलं नव्हतं. श्रीधरांचा 'हरिविजय' चालू असायचा, देवकीच्या दुःखाला डोळ्यांना पदर लागायचा, आणि त्या पदराआड सासूबाई, नणंद, गेलेलं मूल सगळं वाहून जायचं. पुण्य मिळायचं ते वेगळं. घराबाहेर तासभर बसायला मिळायचं, हेही काही थोडं नव्हतं.

खुद्द 'श्यामची आई'च घ्या. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, कारण श्याम आपल्या आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे तोही एक कट्टाच. मराठी घरांना पिढ्यान् पिढ्या रडवणारं हे पुस्तक मुळात चारजणांनी बसून ऐकायचं आहे, आणि आपण ते मुलांना सुट्टीत एकट्याने वाचायची शिक्षा देतो.

कट्टा म्हणजे उपचार नव्हे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा, आणि मन फारच खचलं असेल तर आधी डॉक्टर गाठा, बुधवारची वाट बघू नका. एरवी मात्र जवळच्या वाचनालयात संध्याकाळी डोकवा. खुर्च्या रिकाम्या असतात आणि ग्रंथपालही कंटाळलेला असतो. चारजण जमवा, एक पुस्तक उघडा. वाचून येऊ नका, चष्मा तेवढा आणा, आणि प्राध्यापक मिळाला तर सोडू नका.