खडतर वापराचे तालुके

जाहिरातीतली गाडी लडाखच्या दगडगोट्यांतून धुरळा उडवत जाते, नदीत उतरते, पलीकडे निघते आणि चालवणाऱ्याचा गॉगलसुद्धा हलत नाही. तीच गाडी महाडचा माणूस कर्ज काढून घेतो, महाड-पनवेलच्या खेपा करतो आणि वीस हजार किलोमीटर होतात न होतात तोच पुढच्या चाकाकडून 'खट् खट्' सुरू होतं. कंपनीच्या वर्कशॉपमधला सल्लागार गाडी लिफ्टवर घेतो, खालून बॅटरी मारतो आणि सांगतो, "साहेब, लोअर आर्मचे बुश गेलेत. लिंक रॉडपण टाकावे लागतील." वॉरंटीत ना? "नाही साहेब, हे वेअर अँड टेअरमध्ये येतं." मग आवाज उतरवून पुढे, "तुमच्याकडचे रस्तेच तसे आहेत ना."

म्हणजे लडाखचा दगड कंपनीला चालतो, माणगावचा खड्डा चालत नाही.

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तिका मिळते. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात राहते आणि गाडी विकताना नव्या मालकाकडे कोरी करकरीत जाते. तिच्यात 'खडतर वापर' नावाचा एक भाग असतो. खराब रस्ते, धूळ, चिखल, डोंगराळ भाग, अशा ठिकाणी गाडी चालवत असाल तर तपासणी लवकर करून घ्या, अशा अर्थाचं काहीतरी. वाचताना वाटतं, रायगड जिल्ह्याचं गॅझेटियरच वाचतोय. धूळ मे महिन्यात, चिखल जूनपासून दसऱ्यापर्यंत. डोंगराचं म्हणाल तर भोरला जायला वरंध, महाबळेश्वरला आंबेनळी, खेडला कशेडी. आमचं नुसतं राहणंच कंपनीच्या लेखी खडतर वापर आहे. पण बुकिंग घेताना 402301 हा महाडचा पिनकोड पाहून "दादा, तुम्ही ही गाडी घेऊ नका" असं म्हणणारा सेल्समन अजून जन्माला यायचाय.

रस्ता निर्दोष आहे असं मात्र कोणी समजू नये. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम 2011 साली पनवेल-इंदापूर टप्प्यात सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता दहावीच्या उंबऱ्यात आहेत. महाड-पोलादपूरचा काँक्रीटचा पट्टा बरा झालाय, कशेडीला बोगदाही झाला, हे कबूल. पण इंदापूर आणि माणगावचे बायपास वर्षानुवर्षं रखडले. सरकारला जमत नाही असंही नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल माणसांसकट वाहून गेला, त्यानंतर नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. एवढी माणसं गेल्याशिवाय घाई करायची नाही, असं बहुधा निविदेतच लिहिलेलं असावं.

शिवाय सरकारची यात कमाईही आहे. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी शॉकअब्सॉर्बरवर 28 टक्के जीएसटी होता, आता 18 आहे. खड्डा त्यांचा, कर त्यांचा, शॉकअब्सॉर्बर तेवढा आपला. गणपतीत चाकरमान्यांना टोल माफ होतो, पण वर्कशॉपचं बिल माफ झाल्याचं ऐकिवात नाही.

तरीही सगळं रस्त्याच्या माथी मारून कंपनीने हात झटकावेत, हे काही पटत नाही. बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांमध्ये बसवलेलं रबर. चाक खड्ड्याच्या धारेवर आदळलं की ते पिळलं जातं. पिळून पिळून त्याला चिरा पडतात. बॉल जॉइंटवरचं रबरी टोपण फाटलं की आत पाणी आणि चिखल शिरतो, ग्रीस धुऊन जातं. इथवर दोष रस्त्याचा. पण रबर कोणत्या प्रतीचं घ्यायचं आणि टोपण किती जाड ठेवायचं, हे ठेकेदार ठरवत नाही, कंपनीचा कारखाना ठरवतो. आणि रस्ता सगळ्यांना सारखाच आदळतो. त्याच खड्ड्यांतून एका मॉडेलचे बुश वीस हजारांत जात असतील आणि दुसऱ्याचे साठ हजारांपर्यंत टिकत असतील, तर मधल्या चाळीस हजारांचा हिशेब खड्ड्याकडे कसा मागायचा? नाक्यावरच्या मिस्त्रीला कुठल्या मॉडेलचं काय लवकर जातं हे पाठ असतं. कंपनीकडे तर देशभरच्या वर्कशॉपांचे जॉब कार्ड असतात. तिला कळत नाही, यावर विश्वास ठेवायला फार मोठं मन लागतं.

कायदाही मोठा रसिक आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये 'उत्पादन दायित्व' हे भारदस्त प्रकरण आलं. पण त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूची हानी वगळली आहे! आर्म तुटून तुमचा पाय मोडला तर हानी; नुसता आर्म तुटला तर काही झालंच नाही. रिकॉलची सक्तीही 2021 पासून नियमांत आली, 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंडासह. पण ती सुरक्षेला धोका असलेल्या दोषासाठी, तीही सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. खटखटीने नुसतं डोकं फिरत असेल तर तो धोका धरत नाहीत.

मात्र एक दार उघडं आहे. सदोष माल आणि सेवेतली त्रुटी यांबद्दलची साधी तक्रार त्याच ग्राहक संरक्षण कायद्यात करता येते. म्हणून पहिल्यांदा आवाज आला त्याच दिवशी तो किलोमीटरसकट जॉब कार्डवर लिहून घ्या. 'रस्त्यामुळे' असं सल्लागार म्हणाला तर तेही लेखी मागा. त्याचा आवाज लगेच अजून उतरेल. काढलेले बुश पिशवीत घालून घरी आणा, बिल जपा, दोन वर्षांच्या आत तक्रार करा. दहा लाखांच्या आतल्या गाडीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचं शुल्क फार तर 200 रुपये आहे, वकील लागत नाही. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. मात्र तक्रार ऑनलाइन दाखल करा. अलिबागपर्यंत गाडी नेलीत तर कंपनी म्हणेल, बुश तिथे जातानाच गेले.